देवदाराला उठवणारे नाना

मिस्त्री नाना कुणाच्याही घरात आधी नाकाने शिरायचे, पाय मागून यायचे. उंबऱ्यावर चपला काढायच्या, डोळे मिटायचे, मान जराशी वर करायची आणि दोन-तीन लांब श्वास घ्यायचे. घरातला माणूस "या ना नाना, बसा" म्हणत उभाच. तेवढ्यात नाना घर वाचून मोकळे. आमच्या जळगावच्या घरी ते पहिल्यांदा आले ते स्वयंपाकघराचं दार खाली घासतं म्हणून. त्या दाराकडे बघायच्या आधीच उंबऱ्यावरून म्हणाले, "भाऊ, तुमना घरमा कोठे तरी पानी मुरी ऱ्हायनं." मी म्हटलं, "छे हो." घर माझं, हप्ते मी फेडलेले, पाणी मुरत असेल तर मला आधी कळायला नको? दोन महिन्यांनी न्हाणीघरामागच्या भिंतीचा गिलावा हातभर निखळून खाली आला. आई एवढंच म्हणाली, "नानांना निरोप दे, पडला म्हणावं."

नाना मूळचे भडगावकडचे, गिरणाकाठचे. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे लांब आणि गाठीगाठीचे. सुतारांच्या कानावर पेन्सिल असते, नानांची पेन्सिल खिशात आणि कानावर लाकडाची ढलपी. काम चालू असताना मधूनच ती काढून हुंगायचे, लोक तपकीर ओढतात तशी. पत्र्याचा एक सुपारीचा डबा त्यांच्याजवळ कायम असे. सुपारी कधीच नव्हती त्यात. साग, बाभूळ, निंब, शिसव, आंबा, अशा ढलप्या भरलेल्या. एकदा त्यांनी मला डोळे मिटायला लावून एकेक नाकाखाली धरली. मी बाभळीला साग म्हणालो आणि सागाला "काहीतरी जुनं". नानांनी डबा मिटला आणि दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरच्या सुरात निदान सांगितलं, "भाऊ, तुमनं नाक चष्मा ठेवासाठे शे."

आता नानांनी आमच्याकडे बांधलेल्या कपाटाकडे यायचं तर आधी आईच्या स्वेटरांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात पंख्यातून गरम वाफा येतात आणि थंडी पाहुणीसारखी दोन-तीन आठवडे राहून जाते. अशा गावात माझ्या आईने चाळीस वर्षं स्वेटर विणले. वडिलांना, मला, माझ्या बायकोला, शेजारपाजारच्यांना, एकदा तर पोस्टमनलाही. घालायला कुणाला सवड मिळाली नाही, त्यामुळे ते झिजले नाहीत, फक्त वाढत गेले. वडील गेल्यावर त्यांचे सात स्वेटर ट्रंकेत ठेवले. पुढच्या वर्षी ट्रंक उघडली तर कसर लागलेली. वडिलांच्या मरून स्वेटरला छातीवरच आठ-दहा भोकं. आई रडली वगैरे नाही. तिने त्या भोकात बोट घालून बघितलं, मग दुसऱ्यात घातलं, आणि ट्रंक लावून घेतली. त्या दिवसापासून सुया तिने हातात धरल्या नाहीत. विचारलं तर म्हणायची, "किड्यांसाठी कोण विणणार?"

मी मुलगा. मला काहीतरी करणं भाग होतं. मी मोबाईल उघडला. त्यात कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाने घरातल्या कपाटाला आतून देवदाराच्या फळ्या लावल्या होत्या, आणि तो सांगत होता की त्या वासाने लोकरीची कसर जवळ येत नाही. मी तडक आमच्या इथल्या वखारीत गेलो, "देवदार द्या" म्हणालो, आणि घासाघीस न करता चाळीस फळ्या टेम्पोत घालून घरी आणल्या. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत. मग नानांना बोलावलं. नाना उंबऱ्यावरच थांबले. एक श्वास घेतला. दुसरा घ्यायची त्यांना गरजच वाटली नाही.

"हाई देवदार नही, भाऊ. चीड शे. सफरचंदना खोकानं लाकूड."

"अहो, पण त्यांनी देवदार म्हणूनच दिलं."

"वखारमा बठ्ठा पांढरा लाकूडले देवदारच म्हणतस. तुम्ही नाव इकत आनं, लाकूड नही."

आई आतून म्हणाली, "नाना, त्याला ओरडू नका. तो कॉलेजच्या ऑफिसात आहे." जसं काही तो आजारच.

त्या चाळीस फळ्यांची पुढे काय वाट लागली ते विचारू नका. आमच्या गच्चीवर कुंड्यांसाठी जी अति भक्कम मांडणी आहे, ती तीच.

खऱ्या देवदारासाठी नाना मला धुळ्याला घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीच्या एका मारवाडी शेठजींची वखार होती, जुन्या इमारतींचं उतरवलेलं लाकूड ठेवणारी. नाना थप्प्यांच्या मधून पाठीमागे हात बांधून चालायचे आणि वाकून वाकून हुंगायचे. शेठजी गादीवरून बघत होते. म्हणाले, "नाना, माप घेणारं गिऱ्हाईक पाहिलं, ठोकून बघणारं पाहिलं. हुंगणारे तुम्ही एकटेच. आता चाटून पण बघा!" नानांनी एका काळपट तुळईवर नखाने ओरखडा काढला, ते नख जिभेला लावलं आणि म्हणाले, "चाटं, शेठ. हाई द्या." वरचा काळा थर तासल्यावर आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि माझ्या चष्म्याच्या नाकालाही कळेल असा वास आला. देवळातल्या जुन्या पेटीसारखा, थोडा तिखट, थोडा गोड. शेठजी गादीवरून उठून आले आणि त्यांनीही वाकून हुंगलं.

कपाट उभं राहायला महिना गेला. नाना सांगतील ते ऐकायचं, एवढंच आमचं काम. सरस लावायचा नाही. फळीच्या एका कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, ती खाचेत बसवायची आणि मधे बोटाच्या नखाच्या जाडीएवढी फट ठेवायची. "पावसायामा लाकूड फुगस, उन्हायामा आखडस. त्याले हातपाय ताणाले जागा पाहिजे." दार मात्र असं घट्ट, की लावताना आतली हवा हलकेच सुस्कारा टाकायची. त्याबद्दलही त्यांचं वाक्य होतं, "हवा आत जावाले पाहिजे, पन विचारीसन." प्रत्येक फळी रंधून झाली की ते त्यावरून हाताचा पंजा उलटा करून फिरवायचे, आपण ताप आलेल्याचं कपाळ बघतो तसा. मग नाक लावायचे. मग पुढची फळी.

ते काम करत असेपर्यंत घरात उदबत्ती बंद होती. एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात आईला हाक दिली, "अक्का, आज फोडनी नको. लाकूडना वास समजत नही."

"मग जेवायला काय करू? भुसा वाढू?"

"भरीत करा ना. वांगं भाजाना वास मना नाकले चालस."

"तुमच्या नाकाला चालतं की तुमच्या पोटाला?"

"दोन्ही शेजारी शेतस, अक्का."

महिनाभर वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बायको म्हणाली, कपाट होईपर्यंत आपल्यालाच वास येईल वांग्याचा.

शेवटच्या दिवशी नानांनी फळ्यांवर सुती पंचे अंथरले, कारण देवदाराचं तेल कपड्याला लागू द्यायचं नसतं. आईने वडिलांचे सात स्वेटर, मरून भोकांवाल्यासकट, आत रचले. दार लावलं. कपाटाने सुस्कारा टाकला. चार दिवसांनी आई बाजारातून राखाडी लोकरीचे गुंडे घेऊन आली. त्याचा स्वेटर विणला तो नानांसाठी. नाना तो बघून घाबरलेच. "अक्का, हाई घालीसन भडगावमा फिरनू तं लोके माले दवाखानामा नेतीन." पण नाही म्हणवेना, म्हणून तोड काढली, "याले तुमना कपाटमाच ऱ्हाऊ द्या. मना कपाट, मना स्वेटर." दर वर्षी आले की ते तो काढायचे, उलगडायचे, एकही भोक नाही हे बघायचे आणि परत ठेवायचे.

दर वर्षी, कारण देवदाराला सांभाळावं लागतं. वरचं तेल हळूहळू सुकतं आणि वास मंदावतो. "देवदार मरस नही, झोपस. वरीसमा एकदाव त्याले उठाडनं पडस." दिवाळी झाली की नाना काचकागद घेऊन हजर. सगळं बाहेर काढायचं, लाकडाच्या रेषेरेषेने हलकं घासायचं, ब्रशने भुकटी झाडायची. अर्ध्या दिवसाचं काम. घरभर पुन्हा तो वास. कसरीसाठी डांबरगोळ्यांचं कुणी नाव काढलं की नाना चिडायचे. "गोया म्हंजे कपडासले दवाखानामा ठेवनं. देवदार म्हंजे घरमा."

आता माझा पराक्रम. एका वर्षी नाना मुलीकडे धुळ्याला गेले होते आणि आमच्याकडे रंगकाम चाललं होतं. रंगाऱ्याकडे पॉलिश उरलं. मला वाटलं, कपाट बाहेरून एवढं चकाकतं, आतून बिचारं कोरडं. मी रंगाऱ्याकडून आतल्या सगळ्या फळ्यांना दोन हात मारून घेतले. आरशासारख्या झाल्या. नाना आल्यावर मी हौसेने दार उघडून दाखवलं. त्यांनी एका फळीला नाक लावलं. मग म्हणाले, "तुम्ही त्यानं तोंड बांधी टाकं, भाऊ."

पुढचे चार दिवस ते पटाशीने पॉलिश खरवडत होते. माझ्याशी बोलणं बंद. मी समोर असलो तरी, "अक्का, भाऊसले सांगा, दिवा जरासा इकडे धरा." आई मग माझ्याकडे वळून, "अरे, नाना म्हणतात दिवा इकडे धर." मी दोन फुटांवर दिवा धरून उभा. चौथ्या दिवशी सुस्कारा टाकून दार लागलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "शिकशात तुम्ही. घाई नही."

मग ते साथीचं वर्ष आलं. ताप आमच्या घरीही येऊन गेला. मी उठलो, बायको उठली, आईही उठली, आणि आम्ही देवाचे आभार मानून बाकीचा हिशेब सोडून दिला. तेव्हापासून आईच्या फोडणीत हिंग जरा सढळ पडायला लागला, त्याचा बोल आम्ही वयाला लावला. नाना भडगावला आजारी होते असं कळलं. दिवाळीला येतील की नाही शंका, म्हणून बायकोने कपाटात चार डांबरगोळ्या टाकल्या. मीच हो म्हटलं होतं.

आणि नाना आले. बरेच वाळलेले. उंबऱ्यावर थांबले, डोळे मिटले, मान वर केली, लांब श्वास घेतले. "बठ्ठं ठीक शे," म्हणाले. मग कपाटापाशी गेले, दार उघडलं. गोळ्यांचा तो उग्र भपकारा बैठकीच्या खोलीत माझ्यापर्यंत आला. नानांनी डोकं आत घातलं आणि समाधानाने म्हणाले, "वा. अजून बोली ऱ्हायना देवदार."

मी आईकडे पाहिलं. आई कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघत होती. नाना पिशवीतून काचकागद काढायला वळले, तेवढ्यात तिने चारही गोळ्या उचलून पदरात बांधल्या. आम्ही तिघांनी त्याविषयी नानांजवळ कधी चकार शब्द काढला नाही. काय काढणार? गवयाला कुणी सांगतं का, की बुवा, तुमचा कान गेला?

पण पंचाईत पुढे होती. किती घासायचं हे नाना नाकाने ठरवायचे. थोडं घासायचं, हुंगायचं, थोडं आणखी, हुंगायचं, की झालं. आता ते पहिल्याच फळीपाशी अर्धा तास होते. घासायचे, नाक लावायचे, कपाळाला आठी, पुन्हा घासायचे. फळी जेमतेम अर्ध्या इंचाची. असंच चाललं असतं तर तीन-चार दिवाळ्यांत कपाटाला आरपार खिडक्या पडल्या असत्या. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. आईने विणकाम उचललं, खुर्ची ओढून कपाटासमोर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाना, पुरे. आला वास."

नानांनी वर पाहिलं. "येस का?"

"येतो म्हणजे काय? घर भरलं."

ते पुढच्या फळीवर गेले. मग दर फळीला आईचं "पुरे". त्या वर्षासकट चार वर्षं कपाट असंच घासलं गेलं. आई विणत बसायची, नाना घासायचे, आणि त्यांच्या गप्पांच्या मधेमधे ते एक "पुरे" अलगद पडायचं. स्वेटरांना भोक नाही. मी सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलेला असायचो आणि मनातल्या मनात आईच्या नाकाला दाद द्यायचो.

चौथ्या वर्षी काम झाल्यावर नाना उठले नाहीत. काचकागदाची घडी घालत बसले. "अक्का, आते मी धुळे चालनू पोरीकडे. काम सोडं. नाक नही तो मिस्त्री कसाना? तापमा गयं ते परत उनंच नही. चार वरीस मी तुमना नाकवर घासं." आई काहीतरी बोलायला गेली. पण नाना तेवढ्यात उठून चपला घालत होते, आणि खाली रिक्षा थांबली होती.

त्यानंतर आई दर रविवारी म्हणायची, "मला धुळ्याला घेऊन चल. नानांना एक सांगायचं आहे." "फोनवर सांग ना." "फोनवर सांगायचं नाही ते." आणि मी दर रविवारी काहीतरी काढायचो. गाडीची सर्व्हिसिंग, ऑफिसची तपासणी, ऊन. असे आठ-नऊ महिने गेले. शेवटी त्यांच्या मुलीचा फोन आला, की आबांचं आता काही खरं नाही, भेटायचं तर या. तेव्हा कुठे गाडी निघाली. आईने कपाटातून राखाडी स्वेटर काढून मांडीवर घेतला होता. धुळे येईपर्यंत ती त्याची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती, आणि मला प्रत्येक गतिरोधक माझ्यावरच उठल्यासारखा वाटत होता.

नाना खाटेवर होते. हात पांघरुणाबाहेर, नुसत्या गाठी. आईला बघून उठायला लागले. "ऱ्हाऊ द्या, नाना," म्हणत तिने स्टूल ओढलं आणि स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीने नाकाला लावला, मग आठवण झाल्यासारखा खाली घेतला आणि बोटांनी टाका न् टाका चाचपू लागले.

"एक बी भोक नही."

"नसणारच," आई म्हणाली. "नाना, एक सांगायला आले. त्या तापात माझंही नाक गेलं. तुमच्यासारखंच. परत आलं नाही."

नाना बघतच राहिले. मीही. हिंगाचा एवढा मोठा पुरावा रोज ताटात वाढला जात असताना मला कळलं नव्हतं.

"मंग तुम्ही 'पुरे' कशा म्हनेत?"

"तुमच्या हाताकडे बघून. घासता घासता तुमचा हात आपणहून मंद व्हायचा. मग पंजा उलटा करून फळीवरून एकदा फिरवायचात. तो फिरला, की मी म्हणायचे पुरे. तुम्हाला स्वतःच्या हाताचं पटत नव्हतं म्हणून मी तोंडाने बोलत होते."

नानांनी दोन्ही हात वर घेतले आणि उलटसुलट करून पाहिले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. "म्हंजे यासले बठ्ठं माहीत व्हतं?"

"नाहीतर काय! किड्यांना माझं बोलणं कळतं का?"

मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. मुलगी पाणी घेऊन धावत आली. "दोन बिननाकना," ते धापा टाकत म्हणाले, "दोन बिननाकना बठीसन चार वरीस देवदार उठाडी ऱ्हायनात!" मग माझ्याकडे बोट केलं. "आनि जवळ एकच नाक चालू. त्याना चष्मासाठे!"

ते खोटं नव्हतं. चार वर्षं त्या कामाच्या जवळपासचं एकमेव चालू नाक माझं होतं, आणि ते मी मोबाईलमध्ये खुपसून बसलो होतो.

निघताना नाना स्वेटर घालून बसले होते. बाहेर चांगलं ऊन होतं. त्यांची मुलगी म्हणाली, "आबा, उकडेल." ते म्हणाले, "उकडू दे."

पंधरा दिवसांनी नाना गेले. त्यांच्या मुलीने सुपारीचा डबा आमच्याकडे पाठवला. तो आता कपाटात खालच्या फळीवर असतो. राखाडी स्वेटर परत आला नाही. तो त्यांच्या अंगावरच होता.

यंदा दिवाळीनंतर मी काचकागद आणला. सगळं बाहेर काढलं, पंचे झटकले, मांडी घालून बसलो. आई खुर्ची ओढून समोर, हातात सुया. मी रेषेरेषेने घासायला लागलो. हात मंद करून बघितला. पंजा उलटा करून फिरवून बघितला. आई विणतच होती. मी दुसऱ्यांदा फिरवला, जरा दिसेल असा.

"पुरे का, आई?"

तिने सुया खाली ठेवल्या, चष्म्यावरून माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही रे. तुझ्या हातावरून काहीच कळत नाही. तू आपला हुंगून बघ."

मी चष्मा काढून ठेवला आणि फळीला नाक लावलं.